स्टाइनबूची हिवाळी वाट

बर्गन, २० जानेवारी १९६८

प्रिय टूरिड,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. त्यात सही होती, बाकी सगळं कोरं. मी जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिली आहेत, तेव्हा कोण काय गाळून बोलतंय ते मला ऐकू येतं. पुढच्या पत्रात ‘मी बरी आहे’ एवढं लिहून मला फसवू नकोस.

आधी कामाचं. पर्वतसंघाच्या ब्रेक्केसाहेबांचं मला पत्र आलंय. तुलाही आलं असेलच. आस्मुंड गेल्याबद्दल त्यांनी चार चांगले शब्द लिहिलेत आणि मग मुद्द्यावर आलेत. आपल्या लिएनपासून पठार ओलांडून स्टाइनबूच्या मुक्कामघरापर्यंतची वाट दर हिवाळ्यात आस्मुंड बर्चच्या काठ्या रोवून आखायचा. यंदा कोण आखणार, असं ते विचारतात. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आत काठ्या उभ्या राहिल्या नाहीत, तर ईस्टरला येणाऱ्या लोकांना त्या बाजूनं सोडता येणार नाही, आणि संघ ती वाट हिवाळी नकाशावरून काढून टाकणार. एकदा काढलेली वाट पुन्हा नकाशावर येत नाही हे तुलाही माहीत आहे.

ती वाट आमच्या बाबांनी सुरू केली, भावानं चालवली. मला विचारशील तर ती आस्मुंडबरोबर मानानं संपू दे. कुणीतरी परका भाडोत्री येऊन वेड्यावाकड्या काठ्या ठोकणार, त्यापेक्षा ते बरं. मी ब्रेक्केंना तसं कळवते.

तू घर बंद कर आणि इकडे ये. माझ्या माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. इथे पाऊस फार असतो, पण तू बेटावर वाढलेली, तुला पावसाचं काय? कोपऱ्यावर लायब्ररी आहे. आणखी काय हवं तुला?

सिग्ने


लिएन, २९ जानेवारी

प्रिय वन्सं,

‘मी बरी आहे’ लिहायचं नाही म्हणता, मग खरं लिहिते. सकाळी फळीवरून दोन कप काढते आणि एक परत ठेवते. बाकी दिवस बराच जातो. पुस्तकांची गाडी पंधरवड्यानं येते. बर्फ जास्त पडला तर तीही येत नाही, मग जुनीच पुस्तकं पुन्हा वाचते. सातवीपर्यंतच शाळा झाली माझी, त्यामुळे दुसऱ्यांदा वाचल्यावर बरंच नवं सापडतं.

ब्रेक्केंना काही कळवू नका. वाट मी आखणार आहे.

आस्मुंडनं सप्टेंबरातच फांद्या तोडल्या होत्या. मोळ्या बांधून कोठारात भिंतीशी उभ्या करून ठेवल्या आणि ऑक्टोबरात तो गेला. वाळलेलं बर्च चुलीत छान पेटतं, हे सगळं गाव मला येऊन सांगून गेलं. मी रोज लाकडं आणायला कोठारात जाते, त्या मोळ्यांना वळसा घालते आणि मागची ओली लाकडं आणते. घरभर धूर होतो. असा वळसा किती घालणार? त्या वर नेऊन रोवलेल्या बऱ्या.

शेजारचा आइलिफ झाडी संपते तिथपर्यंत मोळ्या घोड्यानं नेऊन देतो म्हणाला. तो म्हणाला, वर मी पोचवीन, पण तुला खाली कोण आणणार? मी म्हटलं, उतार आणेल.

वाट मला पाठ आहे असं म्हणणार नाही. दर ईस्टरला मी आस्मुंडच्या मागून गेले आहे, पण मागून जाणाऱ्याला पुढच्याची पाठच दिसते. म्हणून तुम्हाला विचारते. लांबतळ्याशी तो एवढं वळण का घ्यायचा? सरळ तळ्यावरून गेलं तर किती जवळ पडेल.

तुमची,
टूरिड


बर्गन, ८ फेब्रुवारी

प्रिय टूरिड,

पत्र वाचून कप हातातून पडला. माझ्याकडे मोजकेच कप उरलेत हे लक्षात ठेव.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा स्कीवर उभी राहिलीस ती कुंपण धरून. कुंपण संपलं तिथे आडवी झालीस. आई म्हणाली होती, आस्मुंडनं समुद्रावरून मासा आणलाय, बर्फावर ठेवला तर टिकेल तरी. आम्ही सगळे हसलो आणि तूही हसलीस. तेव्हा मला तू आवडलीस, पण म्हणून तुझ्या हाती वाट सोपवावी असं काही वाटलं नव्हतं. आता तू साठी ओलांडलीस.

लांबतळ्यावरून सरळ जायचं नाही. कधीच नाही. वरच्या टोकाला ओढा तळ्यात शिरतो. तिथलं पाणी हिवाळाभर बर्फाखालून हलत असतं. वरून पांढरं, आतून पोकळ. बाबांची एक घोडी तिथे गेली. म्हणून उत्तरेच्या काठाकाठानं जायचं, मोठ्या फुटक्या खडकापर्यंत, आणि मगच वळायचं.

दोन काठ्यांमधलं अंतर बाबा कधी मोजायचे नाहीत. चर्चमधलं एक भजन गुणगुणत सरकायचे आणि कडवं संपलं की काठी रोवायचे. आस्मुंडचंही तेच. चाल तुला माहीत आहे, तो गोठ्यातही तेच गुणगुणायचा. लहानपणी मोळ्या लादलेली स्लेज ओढायचं काम माझ्याकडे होतं आणि पहार आस्मुंडच्या हातात. मोठी मी आणि जोरात चालणारीही मी. पण पहार मुलाच्या हातात. असो.

हे सगळं सांगितलं म्हणजे मी ‘हो’ म्हटलं असं समजू नकोस. तळ्यात बुडू नयेस म्हणून सांगितलं. खोल्या रिकाम्याच आहेत.

सिग्ने


लिएन, १० मार्च

प्रिय वन्सं,

मधे लिहायला सवड झाली नाही. काम सुरू आहे.

आइलिफच्या घोड्यानं मोळ्या झाडीच्या वर टाकल्या. तिथून पुढे मी आणि स्लेज. पहारीनं भोक पाडायचं, काठी आत सोडायची, बुटानं भोवतीचा बर्फ दाबायचा. दुसऱ्या दिवशी ती अशी गोठते की तिला घोडा बांधावा. पहिल्या दिवशी मी मागे वळून पाहिलं तर माझ्यामागे काठ्यांची ओळ खालपर्यंत गेली होती. वन्सं, मी तिथेच स्लेजवर बसले, तपकिरी चीज आणि भाकरी खाल्ली आणि कितीतरी वेळ ती ओळ बघत राहिले. आपण केलेलं काही असं दुरून दिसत नाही सहसा. मोजे विणले तर ते कुणीतरी घालून जातं, भाकऱ्या संपतात.

तुम्ही सांगितलंत तसं कडवं म्हणत गेले. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. वर ऐकायला कुणी नव्हतं हे त्या भजनाचं नशीब.

आता गंमत ऐका. लांबतळं अजून पुढेच होतं आणि मोळ्या संपल्या. आधी वाटलं, कुणी चोरल्या. मग वाटलं, आजारपणात आस्मुंडनं कमी तोडल्या असतील, आणि त्याच्यावर जरा चिडलेसुद्धा. परत येताना एका काठीपासून दुसरीपर्यंत सहज सरकत आले आणि कळलं. कडवं त्याचंच म्हटलं मी, अगदी तेवढंच. पण एका कडव्यात तो जेवढा पुढे जायचा, त्याच्या निम्मंच मी जाते. माझे पाय आखूड आणि मागे स्लेज. वर भजन मी घाईघाईनं म्हणते. त्याच्या सगळ्या काठ्या मी अर्ध्याच वाटेवर लावून मोकळी झाले. तो असता तर बर्फात बसून पोट धरून हसला असता.

आता त्या उपटून लांब लांब रोवणं शक्य नाही, गोठल्यात. उरलेल्या वाटेसाठी नव्या फांद्या तोडते आहे. थोडा उशीर होईल, एवढंच.

तुमची,
टूरिड


बर्गन, १७ मार्च

टूरिड,

थोडा उशीर होईल, एवढंच! आइलिफच्या बायकोचं, मारगिटचं पत्र आलंय मला. तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाला काळी पडलीत म्हणे. गालावर चट्टा. डॉक्टर घरी येऊन गेला. वादळात तू वर होतीस, आणि आइलिफ कंदील घेऊन निघणार होता, तेवढ्यात तू अंगणात आलीस. यातलं तुझ्या पत्रात काय आहे? भजन आहे, चीज आहे.

एक भाऊ गेला मला. त्याच्यामागे त्याच्या बायकोनंही गोठून जावं असं तुला वाटतं का? तसं वाटत असेल तर स्पष्ट लिही. मी स्पष्ट विचारते आहे.

आणि काठ्यांचं हसण्यावारी नेऊ नकोस. अर्ध्या वाटेवर झाडी उगवावी तशी दाटी आणि पुढे सगळं बोडकं. बाबांच्या वाटेची ही थट्टा झाली. वर येणारे लोक काय म्हणतील? या घराला कडवंही मोजता येत नाही?

आठवडाभरात ‘काम थांबवलं’ असं तुझं पत्र आलं नाही, तर मी ब्रेक्केंना लिहिणार आहे की आमच्या घरानं वाट सोडली.

सिग्ने


लिएन, २२ मार्च

प्रिय वन्सं,

बोटं जागेवर आहेत. टोकं बधिर आहेत, पण पेन धरता येतं ते अक्षरावरून दिसेलच. हातमोजा वाऱ्यानं नेला, म्हणून तसं झालं. तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुम्ही हेच पत्र लिहिलं असतंत.

वादळात मी पुढे गेले नाही. वारा फिरलेला दिसताच मागे वळले आणि माझ्याच काठ्यांच्या कडेनं खाली आले. आइलिफला कंदील लावायला वेळ लागतो, माणूस सावकाश आहे.

तुम्ही स्पष्ट विचारलंत, मीही स्पष्ट सांगते. आस्मुंडच्या मागे जावं असं मला वाटत नाही. पहिल्या महिन्यात वाटत होतं. आता नाही. लोक विचारतात दुःख कमी झालं का. कमी झालेलं नाही, ते तेवढंच आहे. हाताला काम असलं की ते मधे मधे बोलत नाही, इतकाच फरक.

ब्रेक्केंना लिहायचं असेल तर लिहा. पण ‘आमच्या घरानं’ असं लिहिताना कुठलं घर तेही लिहा. लिएनला मी राहते. या घरानं वाट सोडलेली नाही. ती तुमच्या बाबांची वाट, आस्मुंडची वाट, मला मान्य आहे. या हिवाळ्यात तिच्यावर जो बर्फ पडला तो माझ्याही डोक्यावर पडला आहे, एवढंच माझं म्हणणं.

मासा अजून टिकून आहे.

तुमची,
टूरिड


(पोस्टकार्ड)

स्टाइनबू, ५ एप्रिल

वन्सं, शेवटची काठी आत्ताच इथल्या दाराशी रोवली. नव्या फांद्यांना साली तशाच आहेत, दिसायला ओबडधोबड आहेत, पण उभ्या आहेत. ब्रेक्केंनाही कार्ड लिहिलं आहे. दोन्ही उद्या खाली पोस्टात पडतील. बाहेर लख्ख ऊन आहे. टूरिड


बर्गन, १९ एप्रिल

प्रिय टूरिड,

काल रात्री घरी पोचले. पाय अजून माझे वाटत नाहीत. तुझ्याकडे चार दिवस राहिले, वॉफल खाल्ले, आस्मुंडच्या थडग्यावरचा बर्फ आपण दोघींनी बाजूला केला, आणि एवढं सगळं होऊनही जे बोलायचं ते तोंडातून निघालं नाही. तुझ्या टेबलाशी बसलं की तू लगेच पुढचं वाढायला उठतेस. गाडीत बसल्यावर सगळं सुचलं. म्हणून लिहिते.

तुझ्या अंगणात अचानक उभी राहिले तेव्हा तुला वाटलं, नणंद ईस्टरला भेटायला आली. ते अर्धंच खरं. मी ब्रेक्केंना लिहिलं होतं. घरानं वाट सोडली, असं नाही लिहिलं. त्या तुझ्या पत्रानंतर ते हातून लिहवेना. एवढंच लिहिलं की काठ्या कशा लागल्यात याची मला खात्री नाही. त्यांनी उलट विचारलं, तुमच्याइतकी ती वाट कुणाला ठाऊक आहे? तुम्हीच ईस्टरला चालून पाहा आणि वाट ठेवायची की काढायची ते सांगा. तेव्हा मी पलीकडून, रेल्वेच्या बाजूनं, स्टाइनबूला चढले ती तुझी परीक्षा घ्यायला. चुका कुठे सापडतील हे मी गाडीतच ठरवून ठेवलं होतं. ऐकून राग आला तर येऊ दे.

गुड फ्रायडेला सकाळी दार उघडलं तर बाहेर काही नव्हतं. पायऱ्याही दिसत नव्हत्या, इतकं धुकं. स्टाइनबूत ड्रामेन गावचं एक जोडपं होतं. त्यांना लिएनला उतरून दुसऱ्या दिवशीची बस गाठायची होती. मी म्हटलं, आमच्या वाटेवर धुक्यात कसं जायचं ते मला माहीत आहे. एकानं काठीशी उभं राहून हाका मारायच्या, दुसऱ्यानं दोरी बांधून पुढची काठी शोधायची, सापडली की तिसऱ्यानं यायचं. बाबांच्या वेळी असंच करायचो, आस्मुंडच्या वेळीही. अख्खा दिवस जातो आणि घसा बसतो. दोरी मी वरच ठेवली होती.

पहिल्या काठीशी उभी राहिले. दोरी सोडायला हात घातला आणि समोर पाहिलं, तर दुसरी काठी दिसत होती. पुसट, पण दिसत होती. तिच्याशी गेले तर तिसरी दिसली. आणि त्यानंतर प्रत्येक काठीशी पुढची काठी उभी. टूरिड, मला वाटलं होतं तळ्याच्या या बाजूला तरी तू लांब लांब लावल्या असशील, फांद्या नव्या तोडाव्या लागत होत्या ना. तू इथेही त्याच मापानं गेलीस. बधिर बोटांनी. दोरी पिशवीतून बाहेरच आली नाही.

तळ्याच्या काठाला वळताना तो ड्रामेनचा गृहस्थ मागून म्हणाला, “कोण हो हा उधळ्या? एवढ्या काठ्यांत दोन वाटा झाल्या असत्या.”

मी थांबले. म्हटलं, “हा उधळ्या माझी भावजय आहे. समुद्रावरची आहे, तेविसाव्या वर्षी स्की शिकली. आणि तुम्ही आत्ता तिच्याच जिवावर चालला आहात, तेव्हा तोंड मिटा आणि पुढची काठी बघा.”

मग वाटभर मीच बोलत होते. सगळं तुझ्याबद्दल. कुंपणाचं सांगितलं, माशाचं सांगितलं, फांद्यांचं सांगितलं. त्याची बायको दोनदा म्हणाली, तुम्हाला फार अभिमान दिसतो त्यांचा. मी म्हटलं, आहेच. इतक्या वर्षांत तुला हे एकदाही सांगितलं नाही आणि त्या परक्या बाईला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

फुटक्या खडकाशी एक काठी आडवी पडली होती. कुणीतरी स्कीनं धडकलं असेल. ती मी उचलली आणि माझ्या स्कीच्या दांड्यानं भोक पाडून पुन्हा रोवली. माझ्या हातची त्या वाटेवरची पहिली काठी. सत्तरीला आले मी. जरा वाकडी बसली.

बाबांचं अंतर उन्हातल्या डोळ्यांचं होतं. लख्ख दिवशी सुंदर दिसायचं, सगळे वाखाणायचे. धुक्यात आम्ही हाका मारत बसायचो आणि वाटायचं, डोंगर असाच असतो. तुझ्या आखूड पायांनी ते चुकवलं आणि बरं चुकवलं. थट्टा, असं मी लिहिलं होतं. ते पत्र चुलीत टाक.

ब्रेक्केंना आज सकाळी कळवलं. वाट नकाशावर राहते. आणि खाली एक वाक्य घातलं: संघाच्या सगळ्या वाटांवर काठ्या अशा लावाव्यात की धुक्यात एकीपासून दुसरी दिसेल, कशा ते लिएनला येऊन बघा.

माडीवरच्या खोल्या एका नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला भाड्यानं दिल्या. तेव्हा आता इकडे यायचं असेल तर पाहुणी म्हणून ये.

सिग्ने


लिएन, २० जून

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मी सावकाश वाचलं. नंतर पुन्हा वाचलं. राग आला नाही. परीक्षा घ्यायला आलात हे मला अंगणातच कळलं होतं, कारण तुम्ही आधी काठ्यांकडे पाहिलंत आणि मग माझ्याकडे. वाढायला मुद्दामच उठत होते. निकाल ऐकायचा धीर नव्हता.

ब्रेक्केंचं पत्र आलं. पुढच्या हिवाळ्यातही कराल का, असं विचारलं आहे. पत्र अर्धं वाचून झालं तेव्हाच मी ‘हो’ म्हणाले, स्वयंपाकघरात, मोठ्यानं. मग बाकीचं वाचलं. शेजारच्या खोऱ्यातले दोघेजण सप्टेंबरात बघायला येणार आहेत. आइलिफ म्हणतो, आता तुझ्याकडे शिकवणी लावायला लोक येणार, मग आम्ही तुला काय म्हणायचं? मी म्हटलं, टूरिडच म्हण, आणि घोडा तयार ठेव.

काल वर जाऊन आले, पायी. बर्फ गेला आहे. वाट म्हणावी असं काही उरलेलं नाही. दगड, पाणी, ओलं शेवाळ आणि त्यावर आडव्या पडलेल्या काठ्या. परक्या माणसाला सांगितलं, इथून माणसं उतरली, तर त्याला खोटं वाटेल. मला आधी वाईट वाटलं. मग वाटलं, आस्मुंड दर उन्हाळ्यात हेच बघायचा आणि दर सप्टेंबरात फांद्या तोडायला निघायचा. तो पुन्हा का निघायचा हे त्यानं मला कधी सांगितलं नाही, आणि आता मला ते ऐकायची गरजही राहिली नाही.

खडकांच्या आडोशाला गेल्या वर्षीच्या काही काठ्या सापडल्या. त्याच्या हातच्या. ओळखू येतात. एका घावात तिरक्या कापलेल्या, स्वच्छ. माझ्या दोन-तीन घावांत तुटतात, टोकाला दाढी राहते. त्या घरी आणून भिंतीला लावाव्यात असं क्षणभर मनात आलं. पण त्याला ते आवडलं नसतं. लाकूड ते लाकूड, म्हणाला असता.

तेव्हा दगड मांडून चूल केली. त्याच्या काठ्या वाळलेल्या होत्या, त्या आधी पेटल्या. माझ्या ओल्या, त्यांनी जरा धूर केला, पण मग त्याही धरल्या. वर किटली ठेवली. तळ्याकडे तोंड करून बसले आणि कॉफी प्यायले, दोन कप, दोन्ही मीच. आस्मुंड आयुष्यभर म्हणायचा, बेटावरच्या माणसांची कॉफी पातळ असते.

पातळ नव्हती, वन्सं.

तुमची,
टूरिड